चक बेरीच्या गाण्यांत चक बेरीचं किती?

चक बेरी हा अमेरिकन गायक, गिटारवादक आणि गीतकार. त्याच्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 'जॉनी बी. गुड'ची ती जगप्रसिद्ध सुरुवात लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगनने बारा वर्षं आधीच वाजवून ठेवली होती. 'मेबलीन' जुन्या लोकगीतावरून बेतलं होतं. बाकीच्या गाण्यांचं संगीत पियानोवाल्या जॉनी जॉन्सनचं होतं, असं जॉन्सनच्या बाजूचे लोक म्हणतात. मग चक बेरीला रॉक अँड रोलचा जनक म्हणायचं ते कशाच्या जोरावर?

मी गिटार शिकवतो आणि बेरी आल्याशिवाय माझ्या एकाही विद्यार्थ्याला पुढचा धडा मिळत नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वरचेवर येतो. तिन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पण त्यावरून 'म्हणजे बेरीचं स्वतःचं काहीच नाही' असा जो निष्कर्ष काढला जातो तो साफ चुकीचा आहे. हे मी भक्तीपोटी म्हणत नाही. गाणी शेजारी शेजारी ठेवून ऐकली आणि वाजवून पाहिली की कोणालाही ते पडताळता येतं.

होगनपासून सुरुवात करू. जॉर्डनच्या बँडचं 1946 सालचं 'ऐंट दॅट जस्ट लाइक अ वुमन' लावा. पहिल्या काही सेकंदांतच गिटारवर तुम्हाला 'जॉनी बी. गुड' ऐकू येईल. सूर जवळपास तेच, क्रमही तोच. बेरीने हे कधी लपवलं नाही. होगन, टी-बोन वॉकर आणि चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकांचं ऋण तो मुलाखतींत मोकळेपणाने सांगायचा. त्यामुळे 'चोरी पकडली गेली' असा जो आव आणला जातो, त्याला काही अर्थ नाही.

आता फरक ऐका. होगन एकेक सूर वाजवतो. बेरी तीच ओळ दोन तारांवर एकदम वाजवतो. गाणं बी फ्लॅट या पट्टीत आहे. सहाव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या सहाव्या खान्यात, तर्जनी पहिल्या दोन तारांवर आडवी दाबायची. दुसऱ्या तारेवर एफ आणि पहिल्या तारेवर बी फ्लॅट, असे दोन सूर एका फटक्यात निघतात. मग अनामिका तिसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवर ठेवून तार वर ढकलायची. तिथला ई फ्लॅट चढत जातो आणि दुसऱ्या तारेवरच्या एफला येऊन मिळतो. मिळायच्या आधी क्षणभर ते दोन सूर एकमेकांवर घासतात आणि गिटार जणू ओरडतं. ही युक्ती मूळची टी-बोन वॉकरची. पण वॉकर ती ऐटीत, ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्यांच्या जुन्या गायकीच्या, संथ अंगाने वापरायचा. बेरीने ती होगनच्या चपळ ओळीत बसवली, आवाज थोडा फाटेपर्यंत अँप्लिफायर वाढवला आणि तीन-चार सुरांचा तुकडा सलग ठोकत राहिला. ज्यांना हे नुसतं वाचून पटत नाही त्यांना मी गिटार हातात देतो. होगनची ओळ तासाभरात बसते. बेरीची ओळ सुरांनी त्याच दिवशी बसते, पण ती खरी बेरीसारखी वाजायला महिने जातात.

दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जॉर्डनच्या गाण्यात ती ओळ म्हणजे दारावरची थाप. आत गेल्यावर घर जॉर्डनच्या आवाजाचं आणि साथीच्या वाद्यांचं. बेरीच्या गाण्यात गिटार बाहेर थांबत नाही. ध्रुवपदात आवाज हाक मारतो आणि गिटार ओ देतं, पुन्हा हाक, पुन्हा ओ. 1957 च्या 'स्कूल डेज'मध्ये तर प्रत्येक ओळ गाऊन झाली की गिटार तीच लकब उचलून परत म्हणतं. गाणारा आणि वाजवणारा एकच माणूस आणि दोघांचा संवाद हेच गाण्याचं अंग, ही रचना आज इतकी सवयीची झाली आहे की ती कोणीतरी पहिल्यांदा घडवली असेल हे ध्यानातच येत नाही. ब्लूजमध्ये ही सवाल-जवाबाची पद्धत आधीपासून होतीच. तीन मिनिटांच्या, नाचता येईल अशा, शाळकरी मुलांच्या गाण्यात ती पक्की बसवली ती बेरीने.

आपल्याकडच्या रसिकाला तर हे समजावून सांगायलाही लागू नये. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर 'जॉनी बी. गुड' आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवीतली 'जात कहाँ हो'ही आहे. भैरवी काही केसरबाईंनी निर्माण केली नाही. अल्लादियाखाँसाहेबांकडून आलेल्या तालमीवर त्यांनी जे उभं केलं ते त्यांचं, यावर आपल्यात कधी वाद झाला नाही. मग होगनच्या चार मापांवर (माप म्हणजे ठोक्यांचं एक छोटं आवर्तन) बेरीने उभं केलेलं बेरीचं का नाही?

'मेबलीन'चा आक्षेप लवकर आटोपतो. 'आयडा रेड' हे जुनं लोकगीत. बॉब विल्सच्या वेस्टर्न स्विंग बँडने ते गाजवलं होतं आणि बेरी ते सेंट लुईसच्या क्लबांत वाजवायचा. मे 1955 मध्ये तो शिकागोला गेला, ब्लूज गायक मडी वॉटर्सला भेटला आणि त्याच्या सांगण्यावरून लेनर्ड चेसच्या दारात उभा राहिला. चेसची रेकॉर्ड कंपनी ब्लूजची. बेरीला वाटलं होतं, आपला 'वी वी अवर्स' हा ब्लूजच त्याला आवडेल. चेसने उचललं ते दुसरंच. काळा माणूस गोऱ्या खेडुतांच्या चालीचं गाणं असं म्हणतोय, हे त्याला नवं वाटलं. नाव बदललं, शब्द बेरीचे होतेच, मोटारींच्या शर्यतीची गोष्ट होती. 21 मेला रेकॉर्डिंग झालं आणि गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर, तर पॉपच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. 'आयडा रेड' आणि 'मेबलीन' लागोपाठ ऐका. सांगाडा ओळखू येतो, पण अंगावरचं सगळं मांस नवीन आहे.

या गाण्याची श्रेयाची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण पुढचा वाद समजायला ती लागते. तबकडी बाहेर आली तेव्हा गीतकार-संगीतकार म्हणून बेरीबरोबर अ‍ॅलन फ्रीड हा रेडिओ निवेदक आणि चेसच्या ओळखीचा रस फ्रॅटो यांचीही नावं छापलेली होती. दोघांनी एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. रेडिओवर गाणं वाजावं यासाठी निवेदकांची नावं अशी घुसवण्याची तेव्हा चाल होती. पूर्ण श्रेय बेरीच्या नावावर परत यायला 1986 उजाडलं. पहिल्याच गाण्यावर असा घाव बसलेला माणूस आयुष्यभर पैशाच्या आणि हक्काच्या बाबतीत मूठ आवळून राहिला, यात मला नवल वाटत नाही.

आता जॉनी जॉन्सन. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे.

बँड मुळात जॉन्सनचा होता. 31 डिसेंबर 1952 च्या रात्री त्याचा सॅक्सोफोनवाला आजारी पडला म्हणून त्याने बेरीला ऐनवेळी बोलावलं. सेंट लुईसच्या नदीपलीकडे, ईस्ट सेंट लुईसमधल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये हे त्रिकूट जमलं आणि हळूहळू पुढारी बदलला. पुढची कित्येक वर्षं जॉन्सनचा पियानो बेरीच्या तबकड्यांवर वाजत राहिला. नाव मात्र एकट्या बेरीचं. 1986 मध्ये बेरीच्या साठीनिमित्त सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरमध्ये जो कार्यक्रम झाला आणि चित्रितही झाला, त्याच्या तयारीच्या वेळी रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सने जॉन्सनला शोधून आणलं. तेव्हा तो बस चालवून पोट भरत होता. रिचर्ड्सचं म्हणणं असं की ही गाणी बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा पट्ट्यांत आहेत. गिटारवाला आपणहून ई, ए, डी, जी निवडतो, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. म्हणजे गाणी पियानोवर जन्मली.

हे निरीक्षण नामी आहे आणि ते एका मुरलेल्या गिटारवादकाचं आहे. पण त्यातून निघतं ते एवढंच की बेरी पियानोवाल्याच्या बँडमध्ये पट्ट्या शिकला. लुई जॉर्डन स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा आणि फुंकवाद्यांच्या बँडमध्ये फ्लॅटच्या पट्ट्या हीच रोजची भाषा असते. ज्या तबकड्या ऐकून बेरी घडला त्या याच बँडच्या. पट्टी कोणाच्या सोयीची होती यावरून गाणं कोणाला सुचलं ते ठरत नाही.

बोटांकडे पाहिलं तर मात्र जॉन्सनचं ऋण स्पष्ट दिसतं. बेरीची साथ, म्हणजे जाड तारांवरची ती 'डुग-डुग डुग-डुग', ही बुगी-वुगी पियानोच्या डाव्या हाताची नक्कल आहे. बी फ्लॅटमध्ये तर्जनी सहाव्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर, अनामिका पाचव्या तारेच्या आठव्या फ्रेटवर आणि प्रत्येक दुसऱ्या ठोक्याला करंगळी ताणून दहाव्या फ्रेटवर. पियानोवर हे सहज होतं. गिटारवर गाणंभर करून पाहा, मनगट कुरकुरायला लागतं. बेरीचे पंजे मोठे होते, त्याला जमलं. वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या पियानोवाल्याचा डावा हात त्याने आपल्या डाव्या हातात उतरवला, यात मला शंका नाही. पण उतरवला तो बेरीने. ती साथ आज जगातला प्रत्येक रॉक गिटारवाला वाजवतो, पियानोवाला नव्हे.

नोव्हेंबर 2000 मध्ये जॉन्सनने पन्नासहून अधिक गाण्यांत सहकर्तृत्व मागत दावा लावला. 2002 मध्ये तो निकालात निघाला तो उशिराच्या मुद्द्यावर. इतकी वर्षं गेल्यावर दावा चालू शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कोणी काय रचलं याचा निवाडा झालाच नाही. त्यामुळे 'कोर्टाने बेरीला खरं ठरवलं' असं म्हणणारे आणि 'जॉन्सनचा हक्क तांत्रिक कारणाने बुडाला, म्हणजे हक्क होताच' असं म्हणणारे, दोघेही त्या निकालातून नसलेलं काढतात.

माझं मत विचाराल तर काही गाण्यांवर जॉन्सनचं नाव यायला हवं होतं. बारा मापांच्या ब्लूजमध्ये कॉर्डची चौकट सगळ्यांची असते आणि चालही बऱ्याचदा दोन-तीन सुरांत फिरते. अशा गाण्याला रूप येतं ते साथीच्या रचनेतून, आणि ती रचना दोघांनी बसून केली. कायदा मात्र शब्द आणि चाल मोजतो, पियानोवाल्याने ओळींच्या मध्ये भरलेलं सोनं मोजत नाही. आजच्या रिवाजाने त्याला वाटा मिळाला असता आणि तो मिळणंच न्याय्य झालं असतं. 2001 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला साथीदारांच्या वर्गात घेतलं. ते चांगलं झालं, पण त्याने पोट भरत नाही.

तरीही 'सगळं संगीत जॉन्सनचं' हे टिकत नाही, आणि त्याचा पुरावा म्हणून मी एकच गाणं पुढे करतो : 'मेम्फिस, टेनेसी'. बेरीने ते सेंट लुईसमध्ये आपल्या जागेत, साध्या टेपरेकॉर्डरवर, एकावर एक थर चढवत रेकॉर्ड केलं. त्यात पियानो नाहीच. दोन कॉर्ड, गुणगुणल्यासारखा आवाज आणि मागे हळूच डोलणारं गिटार. आणखी एक गोष्ट. खुद्द 'जॉनी बी. गुड'च्या रेकॉर्डिंगवर पियानोसाठी साधारणपणे लाफायेट लीकचं नाव दिलं जातं, जॉन्सनचं नाही. आणि त्याच 1986 च्या चित्रीकरणात एक प्रसंग आहे, तो जरूर पाहा. 'कॅरोल'ची तालीम चालू आहे. सुरुवातीच्या एका ओढलेल्या सुरावर बेरी रिचर्ड्सला थांबवतो, पुन्हा वाजवायला लावतो, परत थांबवतो. रिचर्ड्सचा चेहरा लाल होतो. एवी-तेवी गिटार सुरात लावायचीही पर्वा न करणारा हा माणूस त्या एका ओढीसाठी जगातल्या सर्वांत नावाजलेल्या गिटारवाल्याला ताटकळत ठेवतो. तो सूर त्याचा होता आणि नेमका कसा हवा ते त्याला ठाऊक होतं.

लयीबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण माझे विद्यार्थी इथेच अडखळतात. 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत नाचाच्या संगीताची चाल झुलती असायची. प्रत्येक ठोका आतून तिश्र, पहिला भाग लांब, दुसरा आखूड. बेरीचं गिटार मात्र सरळ चालतं, दोन समान भाग, ठोक-ठोक. गंमत अशी की त्याच्या मागचा ड्रमवाला बऱ्याचदा झुलत्या अंगानेच वाजवतोय. 'जॉनी बी. गुड'वर फ्रेड बिलोचे ड्रम्स कान देऊन ऐका. वरचं गिटार सरळ धावतंय, खालची लय झुलतेय आणि गाणं त्या दोघांच्या ओढाताणीवर उभं आहे. नंतरच्या शेकडो बँडांनी दोन्ही अंगं सरळ करून टाकली. सूर जागच्या जागी असूनही त्यात तो उसळता जोर येत नाही, त्याचं कारण हे. सरळ चालीचं श्रेय एकट्या बेरीला देता येणार नाही. न्यू ऑर्लिन्सचा ड्रमवाला अर्ल पामर लिटल रिचर्डच्या पियानोवरच्या उजव्या हाताला जुळवून घेताना तिथेच पोहोचला होता. पण गिटारवर ती चाल रुजवली ती बेरीने.

आणि शब्द. या वादात शब्दांकडे कोणी वळतच नाही, कारण वाद घालणारे बहुतेक आम्ही वाजवणारे असतो. मला मात्र त्याचा सर्वांत मोठा वारसा तिथेच दिसतो. गायक नॅट किंग कोलचे स्वच्छ उच्चार त्याने आत्मसात केले होते, म्हणून त्याचा शब्द न् शब्द कळतो. त्याच्या आधीची बरीचशी नाचगाणी मौजेची आरोळी असायची. बेरी गोष्ट सांगतो. 'मेम्फिस'मध्ये एक माणूस ऑपरेटरला विनवतोय की मला मारीशी जोडून दे. आपण समजतो प्रेयसी असेल. शेवटच्या ओळींत कळतं की मारी त्याची सहा वर्षांची मुलगी आहे आणि संसार मोडल्यामुळे दोघांची ताटातूट झाली आहे. अडीच मिनिटांच्या आत एक पूर्ण कथा, 'अश्रू' हा शब्दही न वापरता.

'प्रॉमिस्ड लँड' त्याने तुरुंगात नकाशा मागवून लिहिलं. नॉर्फोकहून निघालेला गरीब मुलगा बस, रेल्वे, विमान करत लॉस एंजेलिसला पोहोचतो. वरवर प्रवासाचं हसरं गाणं. पण बस रॉक हिलला वळसा घालते आणि बर्मिंगहॅमला रखडते. 1961 मध्ये फ्रीडम रायडर्सवर, म्हणजे बसमधल्या वर्णभेदाला आव्हान द्यायला निघालेल्या कार्यकर्त्यांवर, रॉक हिलमध्ये आणि बर्मिंगहॅममध्ये हल्ले झाले होते. 1964 मध्ये ते ऐकणाऱ्या काळ्या श्रोत्याला त्या गावांची नावं टोचल्याशिवाय राहिली नसतील. 'जॉनी बी. गुड'मधला खेडवळ पोरगा आधीच्या मसुद्यात काळा पोरगा होता. रेडिओवर वाजावं म्हणून तो शब्द बदलला, हे बेरीनेच सांगितलं आहे. 'गुड' हे आडनावही सेंट लुईसमधल्या गुड अ‍ॅव्हेन्यूवरून घेतलेलं, जिथे तो 1926 मध्ये जन्मला. हे शब्द ना होगनचे ना जॉन्सनचे. आणि नुसत्या शब्दांचाच विचार केला तरी बॉब डिलनपर्यंत थेट रेघ ओढता येते. 'टू मच मंकी बिझनेस'च्या तडतडत्या ओळींचं ऋण डिलनने स्वतः मान्य केलं आहे.

पुढच्या पिढीवरचा परिणाम सांगत बसत नाही. रोलिंग स्टोन्सची 1963 मधली पहिलीच तबकडी बेरीच्या 'कम ऑन'ची होती आणि त्याच वर्षी बीच बॉइजने 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची चाल जशीच्या तशी घेऊन 'सर्फिन यू.एस.ए.' केलं, ज्याचं श्रेय नंतर बेरीला द्यावं लागलं. एवढं पुरे.

वारशाबद्दल बोलताना माणसाबद्दल गप्प बसणं मला मान्य नाही. चौदा वर्षांच्या मुलीला राज्याची सीमा ओलांडून नेल्याच्या गुन्ह्यात तो 1962-63 मध्ये तुरुंगात होता. पहिल्या खटल्याचा निकाल न्यायाधीशाच्या वर्णद्वेषी शेऱ्यांमुळे रद्द झाला होता, दुसऱ्यात तो पुन्हा दोषी ठरला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. 1990 च्या सुमारास त्याच्या उपाहारगृहात महिलांच्या स्वच्छतागृहात छुपा कॅमेरा असल्याचे आरोप झाले आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी हे सांगतो. कोणाला त्याचं एखादं गाणं वाजवायचं नसेल तर मी दुसरं देतो. त्याच्या मोठेपणाच्या पुराव्यात त्याच्या वागण्याची वकिली घुसडायची गरज नाही.

एक सूचना. त्याच्या नंतरच्या काळातल्या मैफलींची चित्रफीत पाहून मत बनवू नका. तो गिटार घेऊन एकटाच गावात यायचा, रोख रक्कम आधी घ्यायचा आणि त्या रात्रीपुरता जमवलेला स्थानिक बँड घेऊन तालमीविना वाजवायचा. त्यात कधी पट्टी हुकते, कधी गिटार बेसूर असते. 1972 मध्ये अमेरिकेच्या पॉप यादीत त्याचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं एकमेव गाणं 'माय डिंग-अ-लिंग', तेही मुळात डेव्ह बार्थोलोम्यूचं. त्यावरून तर त्याला अजिबात जोखू नका.

ऐकायचं असेल तर या क्रमाने ऐका. आधी होगनचं मूळ, लगेच 'जॉनी बी. गुड'. मग 'आयडा रेड' आणि 'मेबलीन'. मग 'स्कूल डेज', गिटार प्रत्येक ओळीला काय उत्तर देतं त्याकडे लक्ष ठेवून. मग पियानोशिवायचं 'मेम्फिस, टेनेसी'. आणि शेवटी 'मेबलीन'च्या मागच्या बाजूचा, बेरीला स्वतःला आवडलेला 'वी वी अवर्स'. तो संथ ब्लूज आहे, गिटार बरंचसं मागे राहतं आणि जॉन्सन पियानोवर काय करतो ते तिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतं.